६० चा मॉनिटर ७२ वर नेला : माझा अनुभव

अमळनेरला माझं लग्नपत्रिका आणि बॅनर डिझाइनचं काम आहे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचा महिना म्हणजे दिवसाचे बारा-बारा तास स्क्रीनसमोर. पत्रिकेतली भाऊबंदांची नावं वर-खाली सरकवताना अक्षरं पुसट व्हायची, थांबवून वाचावं लागायचं. मॉनिटर २२ इंची, फुल एचडी, ६० हर्ट्झचा म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, जळगावहून वापरलेला आणलेला. मागे पुण्याला मावसभावाकडे १४४ हर्ट्झच्या स्क्रीनवर नुसता माउस फिरवून पाहिला, आणि घरी आल्यावर आपला स्क्रीन अडखळतोय असं जाणवायला लागलं. नवा घ्यायला पैसे नव्हते. भाऊ म्हणाला, "आहे त्यालाच ओढून बघ ना भो. नाही जमलं तर विंडोज पंधरा सेकंदांत आपोआप मागे येतं."

माझं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं, त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये कस्टम रिझोल्युशन, म्हणजे आपल्या आकड्यांचं सेटिंग, बनवता येतं. तिथे ६२ टाकलं, चाललं. ६४, ६६ चाललं. ६७ ला स्क्रीन काळा झाला आणि पंधरा सेकंद मी श्वास रोखून बसलो. चित्र परत आलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. मला वाटलं, मॉनिटरची ताकद एवढीच.

पण आकडेमोड केली तेव्हा अडचण वेगळीकडेच निघाली. स्क्रीन १९२० बाय १०८० ठिपक्यांचा असला तरी केबलमधून जातं ते २२०० बाय ११२५. जास्तीचे ठिपके दिसत नाहीत, ते रिकामे असतात. नांगरताना तास संपला की बैल वळवायला बांधाकडे जागा सोडतात, तसं समजा. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत किरणाला पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत यायला वेळ लागायचा, म्हणून ही जागा ठेवलेली. २२०० गुणिले ११२५ गुणिले ६० म्हणजे १४८.५ मेगाहर्ट्झ, यालाच पिक्सेल क्लॉक म्हणतात. माझी केबल सिंगल लिंक डीव्हीआय या जुन्या प्रकारची, आणि तिची हद्द १६५ मेगाहर्ट्झ. सहासष्टला १६३ होतात, सदुसष्टला १६५.८. म्हणजे मॉनिटर नव्हे, केबलची मर्यादा आडवी आली होती.

एलसीडीला बैल वळवायला एवढी जागा लागत नाही. सीआरयू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात टायमिंग 'रिड्यूस्ड' निवडलं की रिकामी जागा आखडते आणि एकूण २०८० बाय ११११ एवढंच पाठवावं लागतं. त्याच केबलवर ७१ पर्यंत गेलो. मग डीव्हीआय काढून एचडीएमआय लावली, तिथे वाव जास्त. ७२, ७४, ७५. पंचाहत्तरचा आकडा विंडोजमध्ये दिसला तेव्हा मी मायला हाक मारून दाखवला.

तो आकडा खरा नव्हता. विंडोज सांगतं ते कार्ड सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, पाठवतंय. मॉनिटर त्या सगळ्या दाखवतोय का, हे त्याला कळत नाही. काही मॉनिटर ७५ घेतात आणि मधल्या काही फ्रेम गुपचूप गाळतात. मग हालचाल ६० पेक्षाही वाईट दिसते. याची तपासणी टेस्ट यूएफओ नावाच्या वेबसाइटवरच्या फ्रेम स्किपिंग (फ्रेम गाळण्याच्या) चाचणीत होते. पडद्यावर चौकटींची जाळी असते, दर फ्रेमला एकच चौकट उजळते आणि पुढे सरकते. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड लावून शटर एक पंचमांश सेकंद ठेवायचं, मोबाइल डब्याला टेकवायचा आणि फोटो काढायचा. ७५ ला पंधरा चौकटी सलग उजळलेल्या दिसायला हव्यात. माझ्या फोटोत चार-पाच चौकटी उजळ, मग एक काळी, पुन्हा उजळ. दहा फोटो काढले, दहाही तसेच. ७४ ला मात्र ओळ सलग आली. ही चाचणी केल्याशिवाय कोणताही आकडा पक्का धरू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

७४ वर ठेवून मी झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला, बाहेर ४४ अंश, वीज गेलेली, कूलर बंद, इन्व्हर्टरवर काम चालू. पत्रिकेच्या मजकुरावर बारीक आडव्या रेषा थरथरायला लागल्या. मॉनिटरच्या पाठीला हात लावला तर चटका बसला. संध्याकाळी खोली निवली आणि रेषा गेल्या. तीन दिवस मी हेच पाहिलं. आतला बोर्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळतोय आणि वरून आपल्याकडचा उन्हाळा. रात्री दहाला जे टिकतं ते वैशाखातल्या दुपारी टिकेलच असं नाही. म्हणून खानदेशात चाचणी घ्यायची तर भर दुपारी घ्या, तासभर स्क्रीन चालू ठेवून.

शेवटी ७२ वर थांबलो. भर दुपारीही रेषा नाहीत, फोटोत एकही काळी चौकट नाही. दुसरं कारण सिनेमाचं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० वर त्या सारख्या वाटल्या जात नाहीत, एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दिसते, आणि कॅमेरा हळू फिरतो तिथे झटके जाणवतात. ७२ वर प्रत्येक फ्रेम बरोबर तीनदा येते. त्या रात्री जुना सिनेमा लावून मी नुसती रेल्वेची दृश्यं पाहत बसलो.

फरक किती? एक फ्रेम आधी १६.७ मिलिसेकंद टिकायची, आता १३.९. पुण्यातल्या १४४ ची सर नाही, पण सरकत्या यादीतली नावं आता न थांबता वाचता येतात, आणि माझ्या कामाला तेच हवं होतं. डोळ्यांची चुरचुर यानं गेली असं मात्र म्हणणार नाही. ती ब्राइटनेस उतरवल्यावर कमी झाली. माझा मॉनिटर वॉरंटीबाहेरचा होता म्हणून मी हात घातला. नवा असेल तर आधी वॉरंटीचा कागद वाचा.

सीआरयूसोबत रीसेट-ऑल नावाची फाइल येते. स्क्रीन काळाच राहिला तर सेफ मोडमध्ये जाऊन ती चालवायची, सगळं मूळ जागी येतं. मी ती पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे, आणि मॉनिटरच्या मागे चिकटपट्टीवर लिहिलंय : ७२, रिड्यूस्ड, एचडीएमआय.