कैलास लेणं बफेलोला नेलं तेव्हा

कैलास लेण्याचा साधा फोटो पाहिला की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, कारागिरांनी वरून खाली खोदत खोदत देऊळ कातळातून मोकळं केलं. तिथे डोळे भरून बघायची असते ती पोकळी. पायाशी डोंगराची कड, एकदम तीसेक मीटर खाली चौक, आणि मधोमध सुटं उभं राहिलेलं देऊळ. फोटोत हे सगळं एकमेकांना चिकटून बसतं.

म्हणून २०२३ च्या जानेवारीत पुण्याला गेलो तेव्हा आईला घेऊन वेरूळ गाठलं आणि तिथे स्टिरिओ फोटो काढले. डाव्या डोळ्यासाठी एक, उजव्यासाठी एक. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतर असतं, त्यामुळे दोघांना जग किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकातून मेंदू खोली उभी करतो. चार्ल्स व्हीटस्टनने हे १८३८ मध्ये आरसे लावून दाखवलं, फोटोग्राफी जगजाहीर होण्याच्या एक वर्ष आधी! लहानपणी ज्यांनी व्ह्यू-मास्टर या डोळ्यांना लावून चित्रं बघायच्या खेळण्यात चकत्या फिरवल्या आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. त्या चकतीवर चौदा चित्रं असायची आणि आपण मोजायचो सातच.

अमेरिकेतल्या नॅशनल स्टिरिओस्कोपिक असोसिएशनचं वार्षिक संमेलन त्या वर्षी बफेलोला होतं. मी कॅनडात मिसिसागाला राहतो, म्हणजे गाडीने दोनेक तास आणि मधे सीमेवरचा पूल. वेरूळच्या फोटोंचा चार मिनिटांचा कार्यक्रम बनवून आधीच पाठवला होता, तो घेतल्याचं कळलं होतं. नोंदणी, गळ्यातला बिल्ला, हॉटेलची खोली, सगळं सुरळीत पार पडलं.

पहिला दिवस मी विक्रीच्या दालनातच घालवला. टेबलांवर खोकीच्या खोकी, त्यांत जुनी स्टिरिओ कार्डं उभी लावलेली, मधेमधे देशांच्या नावांच्या चिठ्ठ्या. साधारण नऊ बाय अठरा सेंटीमीटरच्या जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले दोन फोटो. अंडरवूड अँड अंडरवूड, कीस्टोन अशा कंपन्यांनी ही कार्डं घरोघर पोचवली. बघायला लाकडी दांड्याचं, डोळ्यांवर धरायचं होम्स यंत्र. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी ते १८६१ मध्ये तयार केलं आणि मुद्दाम पेटंट घेतलं नाही, म्हणून कुणालाही बनवता आलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

'इंडिया'च्या चिठ्ठीमागे मला मुंबईचा एक रस्ता सापडला. यंत्रात कार्ड सरकवलं आणि रस्ता आत पसरत गेला. पुढे पागोटेवाला, मागे ट्राम आणि ट्रामला जुंपलेले घोडे. मुंबईत घोड्यांची ट्राम १९०५ पर्यंतच चालली, म्हणजे फोटो त्याआधीचा. पागोटेवाल्याच्या खांद्यामागची हवासुद्धा दिसत होती. मी ते कार्ड खाली ठेवूच शकलो नाही. बारा डॉलर दिले आणि खिशात जपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा कार्यक्रम होता. प्रत्येक डोळ्याला फक्त त्याचंच चित्र दिसू देणारे पोलराइज्ड चष्मे लावून शेकडो माणसं अंधारात बसलेली. पडदा चंदेरी, कारण ही वाटणी प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर (पोलरायझेशनवर) चालते, पांढऱ्या पडद्यावरून परतताना ते मोडतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसू लागतात. खालून, चौकातून काढलेले फोटो आले तेव्हा सभागृहात कुजबुज उठली. भिंतीतले हत्ती खरंच देवळाचा भार पेलत पुढे आले होते. मग शेवटचा, कड्यावरून काढलेला फोटो आला. टाळ्या झाल्या. बाहेर पडताना एका बाईंनी अगदी मनापासून विचारलं, शेवटचं ते देवळाचं मॉडेल कोणत्या संग्रहालयात आहे?

मला काही बोलताच येईना. ज्या फोटोसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यात कैलास दिवाळीतल्या किल्ल्याएवढं झालं होतं.

कारण सांगितलं ते कार्यशाळेत भेटलेल्या, ऐंशीच्या घरातल्या एका आजोबांनी. लांबचं दृश्य सपाट दिसू नये म्हणून एक फोटो काढून, बाजूला सरकून दुसरा काढतात. पण किती सरकायचं याला हिशोब आहे. सर्वात जवळची वस्तू जितकी दूर, त्याच्या तिसाव्या भागाइतकं. माझ्या चौकटीतलं जवळचं शिखर वीसेक मीटरवर, म्हणजे पासष्ट सेंटीमीटर पुरे होते. मी सरकलो होतो दीड मीटर. दोन डोळ्यांत दीड मीटर अंतर असलेला प्राणी किती अवाढव्य असेल, त्याला आपलं देऊळ खेळण्याएवढंच दिसणार. हा तिसावा भागही डोळे मिटून पाळायचा नसतो, पडदा मोठा तर आणखी कमी घ्यावा, असंही त्यांनी बजावलं. कागदावर आकृती काढून दिली, ती अजून माझ्याकडे आहे.

सुदैवाने कड्यावर मी पाऊल पाऊल सरकत एकूण नऊ फोटो काढले होते. रात्री खोलीत बसून पासष्टच्या आसपासची जोडी शोधली. आता दुसरी अडचण. दोन फोटोंच्या मधे काही सेकंद गेलेले, त्यामुळे कबुतरं एका डोळ्यात शिखरावर तर दुसऱ्या डोळ्यात हवेत. चौकातली माणसंही तशीच, एकाच फोटोत असलेली, भुतासारखी चमचमणारी. एका जोडीत सावली पुढे गेलेली, दुसरीत शाळेची सहल मधेच शिरलेली. अखेर एक जोडी लागली. स्टिरिओफोटो मेकर या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही चित्रं आडव्या रेषेत आणली (उभा फरक जरासा राहिला तरी डोळे दुखतात), कडेची दोन माणसं कापली आणि चष्मा लावला.

पोकळी दिसली. पोटात खड्डा पडतो तसं झालं. आणि तळाशी, दगडी हत्तीशेजारच्या पायरीवर एक निळा ठिपका दिसला, दोन्ही फोटोंत अगदी जिथल्या तिथे. मोठा करून पाहिला. आई होती. गुडघे दुखतात म्हणून ती वर चढली नव्हती, "तू ये जाऊन, मी बसते इथे" म्हणाली होती. चौकात सगळे हलत होते, ती तेवढी हलली नव्हती.

संमेलनात रात्री हौशी लोक आपापल्या खोल्यांची दारं उघडी ठेवतात आणि आत थ्रीडी टीव्हीवर एकमेकांचे फोटो बघतात. शेवटच्या रात्री मी तो फोटो तसा दाखवला. मॉडेलबद्दल विचारणाऱ्या बाईही आल्या होत्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग पायरीवरच्या निळ्या साडीकडे बोट करून म्हणाल्या, केवढं मोठं आहे हे!

दिवाळीत पुण्याला गेलो तेव्हा त्या जोडीचं पुठ्ठ्यावर कार्ड करून नेलं, सोबत होम्स यंत्र. आईने चष्मा काढून यंत्र डोळ्यांना लावलं, दांडी पुढेमागे केली. "अगंबाई, मी," म्हणाली. मग जरा थांबून, "एवढ्या वरून बघत होतास होय रे? पडला असतास म्हणजे."