सॉफ्टबॉलची वही: फोड जुळेपर्यंत पेन्सिलच

जून, शेवटचा आठवडा

वही नव्याने लिहायला घेतली. जुन्या दोनशे पानी वहीत अमेरिकेच्या कॉलेज सॉफ्टबॉलचे विक्रम सापडतील तसे उतरवत गेले होते. एका पानावर होमरन (एकाच फटक्यावर चारही बेस पूर्ण), खाली कुठल्या तरी कोचचे विजय, समासात तिरकी बेरीज आणि मध्येच एक पान दुधाच्या हिशेबाचं. त्यात एकच आकडा तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडला, तेव्हा म्हटलं, आता पुरे.

नव्या वहीला एकच नियम. कारकिर्दीचा आकडा मोसमवार फोडून लिहायचा. फोडीची बेरीज एकूण आकड्याशी जुळली तरच तो शाईने लिहायचा, तोवर पेन्सिल.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जळगावला कॉलेजच्या संघात मी सेकंड बेसवर खेळायचे. खेळायचे म्हणण्यापेक्षा बाकावर बसायचे हे जास्त खरं, म्हणून सरांनी स्कोअरशीट हातात दिली. खेळ सुटला, शीट सुटली नाही. आता मे महिना संपत आला की पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन ओक्लाहोमा सिटीतले वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे कॉलेज सॉफ्टबॉलच्या अंतिम स्पर्धेचे, सामने बघते. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असतात. वहीत फक्त एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या गटाचं कॉलेज सॉफ्टबॉल. सगळंच घ्यायला गेलं तर आयुष्य पुरायचं नाही.

जुलै, पहिला रविवार: होमरनचं पान

सुरुवात जॉसलिन आलोपासून. ओक्लाहोमा विद्यापीठ, २०१८ ते २०२२, एकूण १२२ होमरन. फोड अशी: ३०, १६, ८, ३४, ३४. बेरीज १२२. पहिलंच पान शाईत गेलं.

आता हे पान जरा निरखून बघा. कारकिर्दीतल्या होमरनचे जुने मोठे आकडे एकाखाली एक लिहिले. ॲरिझोनाची लॉरा एस्पिनोझा ८५, यूसीएलएची स्टेसी नूव्हमन ९०, ओक्लाहोमाचीच लॉरेन चेंबरलेन ९५. पाच-पाचच्या पायऱ्या, अगदी घराच्या जिन्यासारख्या. नूव्हमनची कारकीर्द २००२ मध्ये संपली, चेंबरलेनची २०१५ मध्ये. म्हणजे पाच होमरनची एक पायरी चढायला तेरा वर्षं लागली. आणि मग आलो आली ती एकदम २७ ने वर गेली. तो जिना नव्हेच, ती लिफ्ट.

यावर नेहमीचा आक्षेप ठरलेला आहे: "तिला पाच मोसम मिळाले." मिळाले, खरं आहे. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मोसम अर्ध्यावर बंद झाला आणि त्या मोसमातल्या खेळाडूंना एक वर्ष वाढवून मिळालं. फोड लिहिली की या वादाचं उत्तर समोरच दिसतं. फोडीतले ते ८ म्हणजे तोच तुटका मोसम. तो काढून टाका. उरलेल्या चार पूर्ण मोसमांचे होतात ११४. चार मोसमांच्या हिशेबातही ती चेंबरलेनच्या १९ ने पुढेच आहे. हा वाद माझ्यापुरता मिटला. नुसता १२२ हा आकडा घेऊन बसले असते तर अजून भांडत बसले असते.

विक्रम मोडण्याची कथाही तारखांतच आहे. २० फेब्रुवारी २०२२ रोजी तिने ९५ ची बरोबरी केली. त्यानंतर समोरच्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) तिला मारण्याजोगा चेंडूच देईनात. वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस), पुन्हा वॉक. तिला खेळायला देणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, हे सगळ्यांनाच कळत होतं. ९६ वा होमरन आला तो ११ मार्चला, होनोलुलूत, हवाई विद्यापीठाविरुद्ध. आलो मूळची हवाईचीच. तीन आठवडे अडलेला होमरन माहेरच्या अंगणात पडला म्हणायचा. स्कोअरशीटवर याचं काहीच दिसत नाही, तिथे त्या जागी फक्त एक भरलेला चौकोन असतो.

तिच्याच पानावर आणखी एक पडताळा करून पाहिला. ॲट-बॅट (वॉक वगळून फलंदाजीच्या पाळ्या) ७७१, हिट ३४३, एकूण बेस ७६१. भागाकार केला तर सरासरी ०.४४५ आणि स्लगिंग (एकूण बेस भागिले ॲट-बॅट) ०.९८७. म्हणजे दर ॲट-बॅटला जवळपास एक पूर्ण बेस. होमरन दर सहा-सव्वासहा ॲट-बॅटमागे एक. मी अख्ख्या कॉलेजात एक मारला होता, तोही आउटफिल्डरचा पाय घसरला म्हणून.

जुलै, दुसरा आणि तिसरा रविवार: डावखुऱ्या दोघी

हे पान लिहायला दोन रविवार लागले, पण आत्तापर्यंतचं सगळ्यांत आवडतं पान हेच.

मोनिका ॲबट, टेनेसी, २००४ ते २००७. स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर पिचरने एकटीने काढलेला आउट) ५८२, ६०३, ५३१, ७२४. बेरीज २,४४०. विजय ४५, ५०, ४४, ५०. बेरीज १८९. दोन्ही जुळल्या, दोन्ही शाईत. एका मोसमात ७२४ म्हणजे काय याचा अंदाज घ्या. सात इनिंगच्या पूर्ण सामन्यात एका संघाचे आउट असतात २१. ७२४ ला २१ ने भागा, साडेचौतीस येतात. म्हणजे जवळजवळ पस्तीस पूर्ण सामन्यांतला प्रत्येक आउट तिने एकटीने, क्षेत्ररक्षकांना हातही लावू न देता काढल्यासारखा.

कॅट ऑस्टरमन, टेक्सास. इथे गाडी अडली. मी सवयीने सलग चार रकाने आखले, २००२ ते २००५, आणि २००४ चा रकाना काही केल्या भरेना. पान राहिलं की काय म्हणून जुनी वही दोनदा चाळली. मग लख्ख आठवलं: २००४ मध्ये ती कॉलेजचा मोसम सोडून ऑलिंपिक संघात होती, अथेन्सला सुवर्णपदक घेऊन परतली. रकाने पुन्हा आखले: २००२, २००३, २००५, २००६. आकडे ५५४, ४८८, ५९३, ६३०. बेरीज २,२६५. शाई.

आता दोघींची तुलना. एकूण आकड्यांत ॲबट १७५ ने पुढे. पण ॲबटने टाकल्या १,४४८ इनिंग आणि ऑस्टरमनने सुमारे १,१०५. सात इनिंगमागे स्ट्राइकआउट काढले तर ॲबट ११.८, ऑस्टरमन १४.३४. म्हणजे पूर्ण सामन्यातल्या २१ पैकी १४ आउट ऑस्टरमन एकटीच काढायची. उरलेल्या सात आउटसाठी आठ जणी मैदानात उभ्या.

मग मी एक चूक केली. ऑस्टरमनचा दर ॲबटच्या इनिंगना लावला आणि २,९६६ असा आकडा काढून खूश झाले. रात्री झोप लागेना. हा हिशेब सरळ नाही. साडेतीनशे इनिंग जास्त टाकायच्या तर दर तोच राहील असं कोण सांगतं? खांदा काही कॅल्क्युलेटर नाही. ॲबटचा विक्रम जास्त टाकण्याचा आहे आणि जास्त टाकता येणं हीच तिची करामत आहे. ऑस्टरमनचा विक्रम दराचा आहे. दोन वेगळी पानं करायला हवी होती, ती केली. २,९६६ खोडरबरने पुसला. तरी मला खासगीत कुणी विचारलंच की कुणाला खेळताना बघशील, तर मी ऑस्टरमनच म्हणेन.

गंमत म्हणजे या दोघी डावखुऱ्या पुढे अमेरिकेच्या संघात एकत्र आल्या आणि २००८ च्या बीजिंगला आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियोला, दोन्हीकडे रौप्यच घेऊन परतल्या. दोन्ही अंतिम सामने जपानने जिंकले. हे वहीत बसत नाही, कॉलेजच्या बाहेरचं आहे. समासात लिहून ठेवलं.

एका मोसमातल्या विजयांच्या पानावर मात्र ॲबटच्या ५० च्या वर एक नाव आहे. सदर्न मिसिसिपीची कोर्टनी ब्लेड्स, २००० साली ५२ विजय. त्या मोसमात तिचे स्ट्राइकआउट होते ६६३.

मधेच एक सावधगिरीची सूचना

स्प्रेडशीट वापरणाऱ्यांनो, इनिंगचा रकाना तपासा. स्कोअर लिहिताना ५.२ म्हणजे पाच इनिंग आणि दोन आउट. तो दशांश नाही, तिसरे भाग आहेत. मी महिनाभर ५.२ आणि ६.२ ची बेरीज ११.४ घेत होते. खरी बेरीज १२.१. एका सामन्यात फरक किरकोळ वाटतो, पण चार मोसमांत ईआरए (सात इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या रनांची सरासरी) हलतो आणि तुम्ही बिचाऱ्या पिचरला दोष देत बसता. उपाय सोपा आहे: सगळ्या इनिंग आउटमध्ये लिहा. ५.२ ऐवजी १७. बेरीज झाली की तीनने भागा. आणि कॉलेज सॉफ्टबॉलचा ईआरए काढताना गुणाकार सातने, बेसबॉलसारखा नऊने नाही. माझ्या एका मित्राने नऊने केला होता आणि सगळ्या पिचर त्याला सुमार वाटत होत्या.

ऑगस्ट, पहिला रविवार: जुनी पानं

मागच्या काळाकडे गेलं की आकड्यांच्या खालची जमीनच बदलते. सुरुवातीला पिचरची पाटी होम प्लेटपासून ४० फुटांवर होती, ती १९८० च्या दशकाच्या अखेरीस ४३ फुटांवर नेली. १९९३ मध्ये पांढऱ्या चेंडूऐवजी पिवळा आला, फलंदाजांना तो दिसायलाही सोपा आणि उडायलाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, एस्पिनोझाने एका मोसमात ३७ होमरन आणि १२८ आरबीआय (तिच्या फलंदाजीमुळे संघाला मिळालेल्या रन) केले. सगळं श्रेय चेंडूला देणं अन्यायाचं होईल, कारण तोच चेंडू सगळ्यांनाच मिळत होता. पण ४० फुटांवरून टाकणाऱ्या पिचरचा ईआरए आणि पिवळ्या चेंडूच्या काळातला ईआरए एकाच यादीत लावायचा नाही, एवढं मी ठरवलं. वहीच्या त्या भागात आता मधोमध पिवळ्या स्केचपेनची रेघ आहे.

त्या रेघेच्या अलीकडची एक बाई मात्र कुठल्याही रकान्यात मावत नाही. यूसीएलएची लिसा फर्नांडिस. पिचर म्हणून ९३ विजय, ७ पराभव, ईआरए ०.२२. आणि १९९३ च्या मोसमात ईआरए ०.२५ आणि फलंदाजीची सरासरी ०.५१०, दोन्हींत देशात पहिली. आपल्याकडे गल्लीच्या क्रिकेटमध्ये ज्याची बॅट असते तोच पहिली ओव्हर टाकतो आणि सलामीलाही येतो, तसं हे. फक्त हिच्या बाबतीत तक्रार करायला जागा नाही. तिचं नाव पिचिंगच्या पानावर घालावं की बॅटिंगच्या, यावर मी एक संध्याकाळ घालवली. शेवटी दोन्हीकडे घातलं.

ऑगस्ट, दुसरा रविवार: सलग विजय

हे पान पटकन झालं, कारण फोड फारच गोड जुळली. ओक्लाहोमाचा २०२३ चा मोसम ६१ विजय, १ पराभव. तो एक पराभव १९ फेब्रुवारीला बेलरकडून, ४-३. त्याआधी ८ विजय, त्यानंतर सलग ५३. पुढच्या मोसमात आणखी १८, आणि ३ मार्च २०२४ ला लुइझियानाने ओक्लाहोमाच्या घरच्या मैदानावर, नॉर्मनमध्ये येऊन आठ इनिंगमध्ये ७-५ ने साखळी तोडली. ५३ अधिक १८, एकूण ७१. आधीचा विक्रम ॲरिझोनाचा, १९९६ आणि १९९७ मिळून ४७.

अठ्ठेचाळिसावा विजय कुठला, हे उलटं मोजून काढलं. शेवटचे दोन फायनलचे, त्याआधीचे तीन वर्ल्ड सिरीजचे, त्याआधीचे दोन क्लेमसनविरुद्धचे. म्हणजे क्लेमसनविरुद्धचा दुसरा सामना ४८ वा. तोच तो ८-७ चा, नऊ इनिंगपर्यंत ताणलेला. सातव्या इनिंगमध्ये किन्झी हॅन्सनने तीन रनांचा होमरन मारून बरोबरी केली नसती, तर विक्रम ४७ वर बरोबरीत अडकला असता. त्या दिवशी माझा चहा कपातच थंड झाला होता.

कोचचं पान दोन ओळींचं: मिशिगनच्या कॅरल हचिन्स १,७०७ विजय, ॲरिझोनाचे माइक कँड्रिया १,६७४. फरक ३३.

ऑगस्ट, तिसरा रविवार: आरबीआय

घरात हा शब्द मोठ्याने उच्चारला की नवरा व्याजदराबद्दल विचारतो. असो.

एवढे होमरन मारूनही कारकिर्दीतल्या आरबीआयचा विक्रम आलोकडे नाही. तो ॲरिझोनाच्या जेनी डाल्टनचा, ३२८. आलो थांबली ३२३ वर. फक्त पाच कमी. चार पूर्ण मोसम आणि एक तुटका, आणि तरीही पाच कमी.

माझा संशय त्या वॉकवर आहे. बेस भरलेले नसतील तर वॉकने आरबीआय मिळत नाही. पुढच्या बेसवर खेळाडू उभी असताना आलोला फुकट पहिल्या बेसवर पाठवलं, की तिच्या वाट्याचा आरबीआय मागून येणारीच्या खात्यात जातो. डाल्टनच्या संघात तर एस्पिनोझा होती, तिथे एकीला टाळलं की दुसरी समोर. दोघींची पानं शेजारी-शेजारी ठेवली तर हे तपासता येईल.

डाल्टनचं पान आखून ठेवलं आहे. चार रकाने, १९९३ ते १९९६, खाली बेरजेची दुहेरी रेघ. वर कोपऱ्यात ३२८, पेन्सिलने.