लिनक्सवर डीव्हीडी बर्न होत नव्हती तेव्हा: माझा अनुभव

आमच्या वाचनालयातील जुन्या हस्तलिखित अंकांचे स्कॅन एका संस्थेला डीव्हीडीवरच हवे होते. पेनड्राइव्ह चालणार नाही, असे त्यांच्या पत्रात स्पष्ट लिहिले होते. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे आणि त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर हबला (एका पोर्टवर अनेक उपकरणे जोडून देणाऱ्या डबीला) जोडून ब्रासेरो या डिस्क लिहिण्याच्या प्रोग्रॅममधून काम सुरू केले. काही क्षणांतच बर्निंग, म्हणजे डिस्कवरचे लेखन, थांबले आणि ‘त्रुटी आली’ एवढाच अर्थ निघेल असा संदेश पडद्यावर आला. के३बी हा तशाच कामाचा दुसरा प्रोग्रॅम वापरून पाहिला, तर तिथे ‘इनपुट/आउटपुट एरर’ असे थोडे अधिक भारदस्त, पण तितकेच निरुपयोगी उत्तर मिळाले.

अशा वेळी एकामागून एक प्रोग्रॅम बदलत राहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. ब्रासेरो काय किंवा के३बी काय, ही वरची कवचे आहेत. डिस्कवर प्रत्यक्ष लिहिण्याचे काम आतले प्रोग्रॅम करतात: सीडीसाठी योर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड किंवा २००६ मध्ये डेबियनने त्यापासून वेगळा काढलेला वोडिम, डीव्हीडीसाठी बहुधा ग्रोआयसोएफएस, आणि काही ठिकाणी लिबबर्न. कवच बदलले तरी आत तोच प्रोग्रॅम असेल, तर चूकही तीच राहते. म्हणून मी टर्मिनल (आज्ञा टाइप करण्याची खिडकी) उघडून ग्रोआयसोएफएस थेट चालवला.

पहिला अडथळा किरकोळ निघाला. ‘डिव्हाइस बिझी’ असे उत्तर आले, म्हणजे दुसरा कोणता तरी प्रोग्रॅम ड्राइव्ह धरून बसला होता. एलएसओएफ या आज्ञेने पाहिल्यावर तो मागे उघडा राहिलेला ब्रासेरोच असल्याचे कळले. तो बंद केला आणि आपले खाते ड्राइव्ह वापरण्याची परवानगी असलेल्या ‘सीडीरॉम’ गटात आहे ना, हेही तपासून घेतले.

त्यानंतर खरी चूक समोर आली: ‘परफॉर्म ओपीसी फेल्ड’, आणि पुढे एसके ३, एएससी ७३, एएससीक्यू ०३ असे तीन आकडे. हे आकडे लिनक्सचे नसून ड्राइव्हचे स्वतःचे उत्तर असते, आणि निदानाला उपयोगी पडते ते हेच. चूक कोणत्या जातीची आहे, हे पहिला आकडा सांगतो: २ म्हणजे ड्राइव्ह तयार नाही, ३ म्हणजे माध्यमाशी संबंधित दोष, ५ म्हणजे मागणीच अमान्य. पुढचे दोन आकडे नेमके कारण सांगतात, आणि ७३/०३ चा अर्थ लेझरची शक्ती जुळवण्याच्या जागेत चूक असा होतो. प्रत्यक्ष लेखनापूर्वी ड्राइव्ह डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत थोडे चाचणी-लेखन करतो आणि या डिस्कला लेझर किती तीव्र लागेल, हे ठरवतो; हीच ती ओपीसी. ही चाचणीच फसली, तर आपल्या फायलींचा एकही बाइट लिहिला जात नाही.

मात्र ‘माध्यमाचा दोष’ या शब्दांवर लगेच विसंबून चालत नाही. डिस्क खराब असेल, भिंगावर धूळ असेल किंवा लेझरला पुरेशी वीज मिळत नसेल, तरी ड्राइव्ह हेच सांगू शकतो. यातले कोणते खरे, हे ठरवायला मी एक पुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी प्लस आरडब्ल्यू आणली. एकदाच लिहिता येणाऱ्या डीव्हीडी प्लस आर प्रकारात लेखनाची नुसती रंगीत तालीम करण्याची सोय नसते, त्यामुळे दर चाचणीला एक डिस्क वाया जाण्याची भीती राहते.

ही डिस्कही हबमधून चालेना, तेव्हा संशय डिस्कवरून उठला. डीमेसेज या आज्ञेने कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदी पाहिल्या, तर नेमक्या त्या वेळी यूएसबी उपकरण ‘रीसेट’ झाल्याच्या ओळी होत्या. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअर वीज मिळणे अपेक्षित असते. माझ्या हबला स्वतंत्र वीजजोडणी नव्हती, आणि त्याच हबवर बाहेरची हार्ड डिस्कही चालू होती. रायटर लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला थेट जोडताच आरडब्ल्यू डिस्क विनातक्रार पूर्ण लिहिली गेली.

एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. नेहमीच्या कोऱ्या डिस्कवर आता शक्तीची जुळणी होऊ लागली, पण लेखन मध्येच थांबून एसके ३, एएससी ०सी असे उत्तर येऊ लागले. हा निखळ लेखनदोष. वीज आणि सॉफ्टवेअर आरडब्ल्यूच्या वेळी निर्दोष ठरले असल्यामुळे या वेळी मात्र बोट डिस्ककडेच दाखवावे लागले. वेग चारपटीवर आणला, म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाच मेगाबाइट, तेव्हा काही डिस्क पूर्ण झाल्या आणि काही अडल्या. ‘डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो’ ही आज्ञा कोऱ्या डिस्कमध्ये कोरलेला उत्पादकाचा संकेत दाखवते, आणि खोक्यावरच्या नावापेक्षा तो अधिक बोलका असतो, कारण एकाच नावाच्या खोक्यांत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येऊ शकतो. दुकानातून वेगळा संकेत असलेल्या डिस्क मिळवल्या आणि त्या त्याच वेगाने नीट लिहिल्या गेल्या.

मधल्या काळात मापाचाही एक प्रश्न सुटला. खोक्यावरचे ४.७ जीबी हे दशमान पद्धतीचे असतात. १०२४ च्या हिशेबाने ते सुमारे ४.३८ भरतात. शिवाय डिस्कवर फायली मांडण्याच्या आयएसओ ९६६० या रचनेच्या नेहमीच्या पातळीवर एक फाइल ४ जीबीपर्यंतच असू शकते. सगळे स्कॅन एकाच मोठ्या टार फाइलमध्ये बांधण्याऐवजी मी दर वर्षाच्या अंकांचा स्वतंत्र फोल्डर ठेवला, आणि वाचणाऱ्यालाही तेच सोयीचे आहे.

शेवटची पायरी पडताळणीची. आयएसओ फाइलचा (डिस्कवर लिहिण्यासाठी बनवलेल्या एकत्रित फाइलचा) एसएचए२५६ आकडा, म्हणजे तिच्यातील मजकुरावरून काढलेली ओळखखूण, आणि संपूर्ण डिस्क वाचून काढलेला आकडा जुळत नव्हता, तरी डिस्क निर्दोष होती. डीव्हीडीवर २०४८ बाइटांचे १६ सेक्टर, म्हणजे ३२ केबी, एकत्र लिहिले जातात आणि शेवटचा गट अपुरा असेल तर तो शून्यांनी भरला जातो. ती शून्येही हिशेबात येतात. ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने लिहिलेल्या सीडीच्या शेवटी तर वाचताच न येणारे दोन सेक्टर असतात आणि त्यामुळे चांगल्या सीडीवरही वाचनदोष दिसतो. यावर उपाय असा की, आयएसओ फाइलच्या आकाराला २०४८ ने भागावे आणि डीडी या आज्ञेला तेवढेच सेक्टर वाचायला सांगावे. तसे केल्यावर दोन्ही आकडे अक्षरशः जुळले. संस्थेला दिलेल्या डिस्कमध्ये प्रत्येक फाइलच्या एसएचए२५६ आकड्यांची यादी टाकली, आणि त्या डिस्कची दुसरी प्रत वेगळ्या कारखान्याच्या डिस्कवर लिहून वाचनालयात ठेवली.