बात्सेविचची दुसरी सोनाटा: गाडी टोकाटापर्यंत आली

पोलिश संगीतकारांच्या रचना एकेक करून ऐकायची माझी एक यादी आहे. त्यातला झारेम्ब्स्कीचा पियानो क्विंटेट (पियानो आणि चार तंतुवाद्यांची रचना) आता बाजूला ठेवला. सोडवत नव्हता, पण यादी पुढे सरकायला हवी. १८८५ साली लिहिलेली, संगीतकार फ्रान्झ लिस्टला अर्पण केलेली ही रचना छापून यायला १९३१ साल उजाडलं. झारेम्ब्स्की स्वतः १८८५ मध्येच क्षयाने गेला, वय अवघं ३१. ‘पोलंड म्हणजे शोपाँ, आणि त्यानंतर थेट शिमानोव्स्की’ असं ज्यांना वाटतं त्यांना मी हल्ली हाच क्विंटेट ऐकवतो.

पियानो आणि चार तंतुवाद्यं हा धागा धरूनच पुढचा मुक्काम ठरवला: पोलिश संगीतकार ग्राझिना बात्सेविच (१९०९–१९६९). पियानोवादक क्रिस्तियान झिमरमनचं २०११ चं डॉइच ग्रामोफोनवरचं ध्वनिमुद्रण. त्यात तिचे दोन्ही पियानो क्विंटेट (१९५२ आणि १९६५) आहेत आणि मधोमध दुसरी पियानो सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठीची अनेक भागांची रचना (१९५३). तंतुवाद्यांवर काया दान्चोव्स्का, आगाता शिमचेव्स्का, रिशार्द ग्रोब्लेव्स्की आणि राफाऊ क्व्यात्कोव्स्की. दान्चोव्स्का आणि झिमरमन ही जोडी जुनी. शिमानोव्स्कीची ‘मिथ्स’ (व्हायोलिन आणि पियानोसाठी) या दोघांनी केव्हाच ध्वनिमुद्रित केली आहेत, ती अजून ऐकली नसतील तर आधी तिकडे जा.

या खेपेला क्विंटेट थोडक्यात उरकून सोनाटाच धरून बसलो. ती पियानोसाठी असली तरी लिहिणारीचं मुख्य वाद्य व्हायोलिन. १९३५ ची वॉर्सामधली पहिली व्हिएन्याव्स्की व्हायोलिन स्पर्धा आठवा, जिनेत नव्हू पहिली आणि दाविद ओइस्त्राख दुसरा आला ती. तिथे बात्सेविचला उल्लेखनीय स्पर्धक म्हणून गौरवलं होतं. पुढे दोन वर्षं ती संचालक फिटेलबर्गच्या हाताखाली पोलिश रेडिओच्या वाद्यवृंदात पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर होती. आणि हीच बाई १९५३ मध्ये ही अवघड पियानो सोनाटा पहिल्यांदा रसिकांसमोर वाजवते, तीही स्वतःच! दोन वाद्यांवर असा हात असलेली माणसं मोजकीच.

सोनाटाचे भाग तीन: माएस्तोसो–आजितातो (दिमाखदार, मग अस्वस्थ), लार्गो (अगदी संथ) आणि टोकाटा (बोटांच्या चपळाईची वेगवान रचना). सगळं मिळून वीस मिनिटांच्या आत. पहिल्या भागाशी माझं अजून पुरतं जमलेलं नाही. सुरुवातीचा दिमाख आणि नंतरची धावपळ यांतला सांधा मला झिमरमनच्या वादनातही थोडा ताठ वाटतो. लार्गो मात्र घट्ट बसला. तो मंद आवाजात, रात्री, हेडफोन न लावता ऐकावा. खालच्या सप्तकातले सूर खोलीत नीट पसरतात.

आता टोकाटा. यात ओबेरेक हा पोलिश नाच आहे. कुयाव्याक, माझूर आणि ओबेरेक ही तीन मात्रांच्या पोलिश नाचांची भावंडं. कुयाव्याक संथ, माझूर मधल्या चालीचा, ओबेरेक सगळ्यांत जलद आणि गरगर फिरणारा. शोपाँच्या माझुर्कांमध्ये या तिघांचंही रक्त आहे, त्यामुळे ठेका कानाला अगदीच परका नाही. पण आघात नेहमी पहिल्या मात्रेवर येईल याची खात्री नसते. तो दुसरीवर सरकतो, तिसरीवर सरकतो. दादऱ्याची सवय असलेला माझा हात मांडीवर सम द्यायला जातो आणि तोवर ती पुढे निघून गेलेली असते. बात्सेविच या सरकणाऱ्या आघातांवर स्वरांची अखंड धाव चढवते, आणि नाच जवळजवळ दिसेनासा होतो. उरतो तो त्याचा रेटा.

यासाठी एक युक्ती सापडली. आधी पहिल्या क्विंटेटचा दुसरा भाग, प्रेस्टो (खूप जलद), ऐकायचा. तिथे ओबेरेक उघड आहे, तंतुवाद्यांत त्याची फिरकी स्वच्छ कळते. तो कानात असतानाच टोकाटा लावायचा. क्विंटेटमध्ये जे गजाचे झटके होते, तेच इथे पियानोवर तुटक, कोरड्या फटक्यांसारखे ऐकू येतात. ही बाई पियानोसाठी लिहितानाही मनात गज चालवत असावी, असं माझं मत झालं आहे.

काळाबद्दल थोडं. १९४९ मध्ये वागूव इथल्या परिषदेनंतर पोलंडमधल्या संगीतकारांवर सरकारी धोरणाचा दाब वाढला होता. संगीत जनतेला कळेल असं हवं, लोकसंगीताशी नातं सांगणारं हवं. त्यामुळे १९५३ सालच्या रचनेत ओबेरेक दिसला की ‘हुकमाबरहुकूम घातला असेल’ अशी शंका येते. मला ती पटत नाही. कुठल्याही सरकारी समारंभात नाचवता येईल असा ओबेरेकच नाही हा.

स्वरलेखनाबद्दल: फुकट मिळण्याची वाट बघू नका. बात्सेविच १९६९ मध्ये गेली. आपल्याकडे रचनेवरचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षांचा, म्हणजे २०२९ अखेरपर्यंत. पोलंडमध्ये ७० वर्षांचा, २०३९ अखेरपर्यंत. क्राकुफच्या पीडब्ल्यूएम प्रकाशनाची प्रत विकतच घ्यावी लागते. पण लार्गोसाठी ती घ्यावी असं मी म्हणेन. आमच्यासारख्या हौशी हातांनाही त्यातलं थोडंफार वाजवून पाहता येतं. टोकाटाची पानं नुसती डोळ्यांनी वाचायची.

दुसऱ्या क्विंटेटला अजून हात लावलेला नाही, मुद्दामच. १९५६ मध्ये ‘वॉर्सा ऑटम’ महोत्सव सुरू झाला, पोलिश संगीतकारांना बाहेरचं नवं संगीत खुलेपणाने ऐकायला मिळू लागलं, आणि १९६५ चा हा क्विंटेट त्यानंतरचा आहे. मधली पायरी म्हणून आधी १९५६–५७ चे तिचे दहा एत्यूद (पियानोच्या तंत्राचा कस लावणाऱ्या छोट्या रचना) घेणार आहे, पियानोवादक पीटर याब्लोन्स्कीने ऑन्डीन या कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणातून. त्यातच त्याने ही दुसरी सोनाटाही वाजवली आहे, तेव्हा पहिल्या भागातला तो सांधा त्याच्या हाती कसा बसतो हेही लगे हात ऐकून होईल.