दर बेचाळीस सेकंदांनी एक झटका

काकांची तक्रार पहिल्या दिवसापासून एकच, "पिक्चर मधेच अडखळतो." होम थिएटरचे पीसी बसवून देणाऱ्यांना हे वाक्य इतक्या वेळा ऐकायला मिळतं की आम्ही ते नीट ऐकतच नाही. मी फोनवरूनच सांगितलं, टीव्हीतलं मोशन स्मूदिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत दाखवणारं सेटिंग, बंद करा. मग आमचा एक जण जाऊन एचडीएमआय केबल बदलून आला, दुसऱ्यांदा ग्राफिक्स कार्ड बदललं, स्वतःच्या पेनड्राइव्हवरची टेस्ट क्लिप दहा मिनिटं चालवून दाखवली, एकही झटका नाही, आणि काकांना म्हणाला तुमच्या डोळ्यांचा प्रॉब्लेम असेल. असं कस्टमरला बोलतात का? मला आजही राग येतो त्याचा.

तिसऱ्या खेपेला मी गेलो. काका म्हणाले, "ठराविक वेळाने होतं रे, मी बघत बसलो होतो." ठराविक वेळाने! हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा नाही. सिनेमाच्या शेवटी नावं वर सरकतात तो भाग लावला, कारण तिथे सगळं एकाच वेगाने हलत असतं, एक फ्रेम, म्हणजे एक चित्र, दोनदा दिसली तरी लगेच कळतं. मोबाइलवर स्टॉपवॉच. ४२ सेकंद, ४१, ४२, परत ४२.

हा आकडा बघितला आणि केबल, कार्ड, डोळे सगळं बाद झालं. डिस्कवरचे बहुतेक सिनेमे सेकंदाला २४ नाही, २३.९७६ फ्रेम्सचे असतात, म्हणजे २४००० भागिले १००१. १९५३ साली अमेरिकेत रंगीत टीव्हीचं स्टँडर्ड ठरवताना रंगाचा सिग्नल आवाजाच्या सिग्नलमध्ये घुसू नये म्हणून फ्रेम रेट एक हजारांशाने खाली आणला, तेच शेपूट आपण अजून ओढतोय. स्क्रीन बरोब्बर २४ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला २४ चित्रांवर, असेल तर तिला जास्तीची फ्रेम लागते, ती नसते, म्हणून साधारण ४१.७ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवली जाते. माउस हलवून बघितला तर पॉइंटर रखडत चाललेला, म्हणजे कुणीतरी विंडोजचा डेस्कटॉपच २४ वर लॉक करून ठेवला होता आणि प्लेअरमधलं सिनेमाप्रमाणे आपोआप स्क्रीनचा रेट बदलणं बंद. आणि आमच्या माणसाची ती टेस्ट क्लिप? तपासली, ती २४.००० ची निघाली. झटका येणारच नव्हता. दहा मिनिटं काय, रात्रभर चालवली असती तरी त्याला तो बेचाळीस सेकंदांचा झटका दिसला नसता.

तिथल्या विंडोजच्या यादीत २३ आणि २४ असे दोन्ही होते, २३ म्हणजेच २३.९७६, पण ते तिथे लिहिलेलं नव्हतं, अशा वेळी लोक बिचारे २४ निवडतात. मी २३ केलं, मॅडव्हीआर हे व्हिडिओ दाखवणारं सॉफ्टवेअर लावून त्याचे आकडे बघायला कंट्रोल-जे दाबलं तर मोजलेला रेट २३.९७७, दर १२ मिनिटांनी एक फ्रेम रिपीट. इथे बरेच जण थांबतात. मला थांबवेना. कारण सरळ होतं, या मोडला पिक्सेल क्लॉक, म्हणजे कार्ड ज्या वेगाने पिक्सेल पाठवतं तो, ७४.१७६ मेगाहर्ट्झ हवा आणि इथे तो १० किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनीच मिळत होता, म्हणून ७४.१८. मग आडव्या ओळीतले एकूण पिक्सेल २७५० चे २७५२ केले, चित्राला हात न लावता, फक्त न दिसणाऱ्या भागात दोन वाढवले, आणि क्लॉक ७४.२३. कागदावर साडेतीन तासांहून जास्त वेळात एक फ्रेम. टीव्हीने मोड निमूट घेतला. मॅडव्हीआरचा आकडा स्थिरावायला वीसेक मिनिटं लागली, प्रत्यक्षात दोन तासांना एक असा आकडा आला, कारण कार्डावरचा क्रिस्टल, ज्याच्यावर त्याचं घड्याळ चालतं तो, थोडा इकडेतिकडे असतोच. काही जण त्यापेक्षा सिनेमाच ०.१ टक्का फास्ट चालवतात आणि आवाज रीसॅम्पल करतात, म्हणजे त्या वेगाला जुळवून घेतात, पण काकांचा आवाज ऑडिओ रिसीव्हरला बिटस्ट्रीम, म्हणजे न उलगडता जसाच्या तसा, जातो, तिथे ते चालत नाही.

मग २४.००० चे सिनेमे? थोडे असतात, पण असतात. नुसतं २३ वर लॉक केलं असतं तर त्यांना तोच ४२ सेकंदांचा झटका लागला असता, फक्त उलटा, एक फ्रेम गाळून. म्हणून प्लेअरमध्ये ऑटो स्विच चालू केलं, दोन्ही मोड ठेवले, २५ फ्रेमवाल्यांसाठी ५० हर्ट्झचा पण. मोड बदलताना स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते आणि सुरुवातीचा आवाज जातो, तेवढा डिले टाकला.

काका शेवटची नावं परत लावून पूर्ण बघत बसले, शब्द नाही. नंतर एवढंच म्हणाले, "म्हणजे मला बरोबर दिसत होतं."

ते वाक्य काही डोक्यातून जात नाहीये. त्याच पेनड्राइव्हवरच्या त्याच क्लिपने आम्ही दोन-अडीच वर्षं प्रत्येक मशीन पास केलंय. परवापासून जुन्या जॉबशीट काढून बसलोय, "कस्टमर समाधानी" लिहिलेल्यांपासून फोन करायला सुरुवात केलीय, आणि पहिला प्रश्न हाच, अडखळतं का, आणि किती सेकंदांनी.