मानेजवळचा 'स्नॅप'

स्पायडर-मॅनचं जाळं पायाला चिकटतं, पुलावरून पडणारी त्याची प्रेयसी ग्वेन हवेतच थांबते आणि मानेपाशी बारीक अक्षरांत एकच आवाज उमटतो: 'स्नॅप!'

'द अमेझिंग स्पायडर-मॅन' हे कॉमिक, अंक १२१, जून १९७३. आज पुन्हा चाळताना नजर तिथून हलेना. वेगाने पडणारं शरीर पाय धरून एका क्षणात थांबवलं, तर सगळा हिसका मानेला बसतो. लेखक जेरी कॉनवे हे समजावत बसत नाही. उलट स्पायडर-मॅन जाळं वर ओढताना स्वतःचीच पाठ थोपटत असतो. वाचकाला कळलेलं असतं, त्याला नाही. काय ताकद आहे या एका पानात! कथेचं शीर्षकही शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवलंय.

पण खटकतंही. संवादात जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज, आणि चित्रकार गिल केनच्या चित्रात चक्क ब्रुकलिन ब्रिजचे दगडी मनोरे! ही चूक माफ करता येईल. पुलावरच्या अख्ख्या प्रसंगात ग्वेन बेशुद्ध आहे, हे मात्र नाही. तिच्याच मृत्यूच्या अंकात निरोपाचा एक शब्दही तिच्या वाट्याला येत नाही.

तो 'स्नॅप' छापलाच नसता, तर आपण दोष कोणाला दिला असता?