भरली की सुटते

आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात स्वस्तात फिरायचं तर खिशात पैसे कमी असले तरी चालतं, पण हाताशी वेळ भरपूर हवा. झांबियात लुसाकाहून लिव्हिंग्स्टनला जाणाऱ्या मोठ्या बसला निदान सुटायची वेळ तरी असते. एकदा आडवाटेला लागलात की मिनीबसचं राज्य. मिनीबस कधी सुटते? भरली की. आत चौघं बसलेले दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. गाडी भरत आल्यासारखी दिसावी म्हणून बसवलेली पोरंही त्यात असतात. गिऱ्हाईक चढलं की ती गुपचूप उतरतात. मी आता सामान आत टाकण्याआधी मांडीवर पिशव्या घेतलेल्या बायका किती आहेत ते बघते. त्या खऱ्या प्रवासी.

झांबियात शाकाहारी माणसाचे हाल होतील, ही भीती मात्र फुकट गेली. मक्याच्या पिठाची घट्ट उकड, म्हणजे न्शिमा, आणि दाण्याच्या कुटात शिजवलेली पालेभाजी, इफिसाशी. हाताने गोळा करायचा, अंगठ्याने खळगा पाडायचा आणि भाजी उचलायची. हे मी रोज खाऊ शकते.

लिव्हिंग्स्टनहून बोत्सवानात जायला कझुंगुलाला सीमा ओलांडायची. पूर्वी इथे झांबेझी नदी तराफ्यावरून ओलांडावी लागे आणि ट्रकवाले दिवसचे दिवस रांगेत अडकत. 2021 मध्ये 923 मीटरचा पूल झाला. तो सरळ नाही, चक्क वळून जातो, कारण सरळ बांधला असता तर झिंबाब्वेच्या हद्दीत शिरला असता! दोन्ही देशांचे शिक्के आता एकाच ठिकाणी मिळतात.

बोत्सवानातल्या कासानेहून दक्षिणेला नाटाकडे जाणारा रस्ता दिवसाच करा. हत्ती डांबरावर उभे असतात आणि हत्तींना टेललाइट नसतात.

मग रस्त्यात एक फाटक लागतं. सगळे खाली उतरा. डांबराच्या कडेला औषधी पाण्यात भिजवलेली मळकट चटई असते, तिच्यावर बूट दाबून चालायचं. पिशवीतल्या चपला? त्याही काढा, त्यांचेही तळवे ओले करा. हे सगळं गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगासाठी. बोत्सवानाचं गोमांस युरोपला जातं, त्यामुळे रोग एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाऊ नये म्हणून देशभर कुंपणं आहेत. माझ्या शेजारच्या आजींकडे कच्च्या मांसाचं पुडकं होतं, ते तिथेच राहिलं. आजी पुढचा सगळा रस्ता पुटपुटत होत्या. त्याच कुंपणांनी रानातल्या विल्डबीस्टांची पाण्याकडे जायची वाट अडवली आणि दुष्काळात ती मोठ्या संख्येने मेली, हे मला नंतर वाचून कळलं.

बोत्सवाना स्वस्त देश नाही. मोजके पर्यटक आणि चढे दर हे तिथल्या सरकारचं धोरणच आहे. म्हणून बसमध्ये वाचवलेलं सगळं मी ओकावांगो नदीच्या पाणथळ त्रिभुज प्रदेशात एका ठिकाणी उधळलं: माऊन गावाहून मोकोरो, म्हणजे लांब काठीने ढकलायची अरुंद होडी. हल्ली बऱ्याच फायबरच्या असतात, त्याने काही बिघडत नाही. तंबू आणि शिधा आपला नेला तर खर्च बराच उतरतो. पाणी आणि सरपण कुठे ते होडीवाल्यालाच विचारा, आणि अंधार पडल्यावर त्याला न सांगता पाण्याच्या काठाला जाऊ नका. पाणघोडे रात्री चरायला वर येतात.